आईने बाद केलेली नाकं

११ जानेवारी १९६०, सोम.
शेवटची टर्म. नखांतला निळा रंग काही केल्या निघत नाही, आई म्हणते भाकरीला लागेल. आर्ट स्कूलमध्ये सरांनी आज पुन्हा बजावलं: मार्चअखेर एक मोठं हेड द्यायचं, माणसाचा चेहरा, तैलरंगात, मॉडेल ज्याचं त्याने शोधा. कुमुद गिरगावातली, तिच्याकडे पगडीवाले आजोबा आहेत. माझ्याकडे कोण? लालबागच्या एका खोलीत आम्ही तीन माणसं. आई बसायला तयार नाही आणि दिगूकाका बसला की झोपतो.

जेवताना काकाच म्हणाला, "दादाचो फोटो काढ गो. इतकी वर्सा चित्रांच्या शाळेत जातस ती कित्याक?"

दादा म्हणजे माझे बाबा. त्यांचा एकच फोटो होता, बोटीच्या पासावर चिकटवलेला. तो त्यांच्याबरोबरच गेला. लढाईच्या दिवसांत माझगावच्या गोदीतून आगबोटीवर चढले, बॉयलरला कोळसा घालायला. मी पाच वर्षांची. बोटीचं पुढे काय झालं कळलं नाही. 'बेपत्ता' एवढा एक शब्द आला.

काकाला फोटो कशाला हवा तेही मग बाहेर पडलं. मे महिन्यात गावी बाबांची क्रिया करायची म्हणतो. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची रीत, ती कधीच उलटून गेली. दर्भाचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा. भिंतीवर फोटो लावायचा, त्याला हार. म्हणाला, "किती दिवस असा लोंबकळत ठेवूचा तेका?" चिडून नाही, अगदी कळवळून म्हणाला.

आईने त्याला भात वाढला. त्याने मागितला नव्हता.

क्रिया झाली की आईचं कुंकू जाणार.

१५ जाने., शुक्र.
मजल्यावर हळदीकुंकू. कोपऱ्यातल्या खोलीत नवी बिऱ्हाडकरीण आलीय, ती आईसमोर करंडा घेऊन थबकली. तिला कुणीतरी सांगितलं असणार. खालची पांडूची आई दारात उभी होती, ती ओरडली, "लाव गो, लाव! तिचो घोव बोटीर आसा."

लावलं तिने. आईने नेहमीसारखी मान खाली घातली, नेहमीसारखी हसली. घरी आल्यावर पोळपाट घासत बसली, स्वच्छ असलेला.

पांडू चार वर्षांपूर्वी मुंबईसाठीच्या मोर्चात गोळी लागून गेला. त्याचा फोटो चाळीच्या दारात, रोज ताजा हार. त्याच्या आईकडे निदान हार घालायला जागा आहे असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. असं कुणी मोजतं का?

१७ जाने., रवि.
काढायला बसले. गिरणीला सुट्टी, काका गाववाल्यांकडे गेलेला. मला बाबांचं काय आठवतं: गालाला टोचणारी दाढी, कोळशाचा वास, उचलून घेतल्यावर दिसलेला छताचा वासा. तोंड नाही आठवत. मग आईलाच विचारलं. ती तांदूळ निवडत होती, बोलता बोलता सांगत गेली. नाक सरळ, टोकाला जरासं जाड. भुवया जुळलेल्या. हनुवटीला खळी. मी कोळशाने सरसर काढत गेले. हात असा चालला की वाटलं, मी काढत नाहीच, पुसतेय, खालून तोंड निघतंय.

फळी तिच्याकडे फिरवली. बघत राहिली, खूप वेळ. मग म्हणाली, "छे. ह्यो कोण?"

"काय चुकलं?"

"नाक. ह्या तेंचा नाक नव्हे." आणि उठून तांदूळ धुवायला गेली. धुतलेले पुन्हा धुतले.

कागद ट्रंकेमागे टाकला. दिवस फुकट.

२४ जाने., रवि.
नाक क्र. ४ बाद. क्र. ५ बाद. "जरा वाकडा हुता." वाकडं केलं. "इतक्या नाय." आई परीक्षक झाली असती तर आमच्या वर्गात कुणी पास झालं नसतं.

माझे काळे हात बघून म्हणाली, "बापूस कोळशात, चेडू पण कोळशात." हे मात्र हसत म्हणाली. फार दिवसांनी अशी हसली. त्या हसण्यासाठी आणखी दहा नाकं काढीन.

२ फेब्रु., मंगळ.
सरांना विचारलं, समोर न बसलेल्या माणसाचं हेड चालेल का. म्हणाले, "चालेल. पण तो एक माणूस हवा. आठवणीतून काढणारे बहुतेक जण कुणाचंच तोंड काढत नाहीत." मग म्हणाले, जमलं नाही तर वेळेवर दुसरं मॉडेल धर, हेडशिवाय डिप्लोमा नाही. जमवीनच म्हणाले मी. मोठी शहाणी.

कुमुद म्हणते, माझ्या आजोबांची दुसरी बाजू मोकळी आहे, तू डावीकडून काढ.

१४ फेब्रु., रवि.
आज भांडले. गेल्या रविवारी आई म्हणाली भुवया जुळलेल्या नव्हत्या. आज म्हणते जुळलेल्या, पण विरळ. हनुवटीची खळी गेली, मग आली, आता गालावर गेली. मी कोळसा फेकला. म्हटलं, "तुला ते आठवतच नाहीत! आठवत नाही तर तसं सांग ना!"

आई उठली. कोळशाचे तुकडे गोळा केले, पदरात घेऊन, आणि एकेक डबीत ठेवले. मोठे एका बाजूला, चुरा दुसऱ्या.

मी गॅलरीत जाऊन रडले. तिच्यावर ओरडले म्हणून, आणि ती विसरली म्हणूनही. तिला आठवत नसतील तर मग बाबा कुठेच नाहीत.

२१ फेब्रु., रवि.
काढलं नाही. आईने विचारलंही नाही. चाळीच्या पोरांनी बोर्ड लिहायला नेलं. राज्य होणार हे आता नक्की, मुंबईसकट, मेच्या पहिल्या तारखेला. दारात कमान उभारायची, ती मी रंगवायची. चार वर्षं निषेधाचे बोर्ड लिहिले, स्वागताची अक्षरं हाताला येईनात. फार टोकदार येतात. पोरं म्हणाली, "ताई, जरा हसरी काढ ना."

९ मार्च, बुध.
आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

काका शिमग्याला गावी निघाला. पिशवी सापडेना म्हणून ट्रंक ओढली, मागून माझा पहिला कागद निघाला, १७ जानेवारीचा. घडी पडलेला, कडेला झुरळाने खाल्लेला. काकाने उलगडला. मी सांगणार होते की ते बाद झालंय.

"दादा," काका म्हणाला.

मला नाही, कागदाला. ट्रंकेवर बसला. गिरणीत कापडाच्या साच्यांच्या आवाजात उभा जन्म काढलेला माणूस, घरात बोलतो तोही ओरडून. इतक्या हळू बोलताना त्याला कधी ऐकलं नव्हतं. "दादाच हो. ह्याच नाक. अगदी असोच बघी, माका मारूच्या आधी."

आई नळावर होती. मी कागद त्याच्या हातातून घेतला, पुन्हा ट्रंकेमागे सारला, म्हटलं, अजून पुरा व्हायचाय काका, आईला बोलू नकोस. तो म्हणाला, "पुरो कर बाय. मी भटजीक विचारून दिवस धरून येतंय." डोळे पुसत गाडीला गेला.

म्हणजे पहिल्याच दिवशी बरोबर होतं. आणि आईला ते दिसलं होतं. म्हणून तर ती धुतलेले तांदूळ पुन्हा धूत बसली. त्यानंतरचं प्रत्येक नाक तिने मुद्दाम बाद केलं. चित्र पुरं झालं की भिंतीवर जाणार, भिंतीवर गेलं की हार. ते पुरं होऊच द्यायचं नव्हतं तिला.

आणि मी तिला म्हटलं, तुला आठवत नाही.

१३ मार्च, रवि.
आईला काही बोलले नाही. फळी घेऊन बसले, नाक काढलं. ती म्हणाली, "जरा लांब झाला." मी म्हटलं, बरं. आखूड केलं. "आता आखूड झाला." बरं.

दुपारभर असं चाललं. ती सांगते, मी खोडते. अशी ती जन्मभर सांगत राहिली तरी मी खोडत राहीन. डिप्लोमा गेला खड्ड्यात. वर्गात कुमुदच्या आजोबांची डावी बाजू सुरू केलीय.

२० मार्च, रवि.
आजोबा जमत नाहीत. सर म्हणाले, पगडी छान आहे, आत डोकं नाही. दहा दिवसांत नवीन काही होणार नाही, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बस.

घरी सांगणार नव्हते. आईने माझं तोंड बघूनच ओळखलं. भाकऱ्या झाल्या, स्टोव्ह बंद केला, ट्रंकेमागून तो पहिला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. कुठे आहे ते तिला पहिल्यापासून ठाऊक.

"ह्या रंगव," म्हणाली. "ह्येच ते."

"आई..."

"तुजा वर्स नको फुकट जावक. भावोजी काय करतले तां करांदेत."

कपाळाला हात लागला तिचा, आपोआप, केस मागे सारल्यासारखा. हिला माझ्यासाठी कुंकूसुद्धा द्यायचंय, आणि देताना चेहरा असा की जणू भाकरी पुढे सरकवतेय. मी तिला घट्ट धरलं. पिठाचे हात माझ्या अंगाला लागू नयेत म्हणून ती ते लांब धरून उभी.

मग मला सुचलं, किंवा तोंडातून गेलं. म्हटलं, "हे नको. हे तेव्हाचे. आता कसे दिसत असतील ते सांग."

वाटलं, गप्प बसेल. क्षणभरही थांबली नाही.

"केस पिकले असतले. पण मागचे नाय, तेंच्या बापाशीचे पण मागचे काळेच हुते. कानार केस इले असतले. वरचो एक दात तेव्हाच हलत हुतो, तो पडलो असतलो, म्हणान ओठ जरासो आत. डोळ्यांक आग सोसना नाय, डोळे बारीक झाले असतले. पोट? छे, तेंका पोट सुटूचा नाय. मान मात्र वाकली असतली, उंच माणूस."

सांगत होती, मी काढत होते. एकदाही अडली नाही, एकही नाक बाद नाही. इतकी वर्षं ती दर वर्षी त्यांना थोडं थोडं म्हातारं करत आली होती, आमच्याच खोलीत, आणि मला पत्ता नव्हता.

२९ मार्च, मंगळ.
रंग ओला असताना नेलं. टॅक्सीला पैसे नाहीत, कुमुदने आणि मी दोन बाजूंनी धरून बसच्या वरच्या मजल्यावर. कंडक्टर म्हणाला, "म्हाताऱ्याचं तिकीट?"

सर दोन पावलं मागे सरकले. "हे तर समोर बसलेत," म्हणाले. मी म्हटलं, बसतात. मग सरांनी हनुवटीखालची सावली फार गरम झालीय असंही सांगितलं. बरोबर आहे, झालीय.

१० एप्रिल, रवि.
काका आज गावाहून परत. शिमग्यात तापाने आडवा झाला होता म्हणून इतके दिवस. मेचा दिवस धरून आलाय. पिशवीत फणसाच्या कुयऱ्या, वर कागदात नीट गुंडाळलेला चंदनाचा हार. तो फुलांसारखा रोज सुकत नाही, म्हणाला. स्कूलमधून चित्र परत मिळालं होतं, भिंतीला टेकवून ठेवलं होतं. निकाल नंतर.

काका हार घेऊन पुढे गेला आणि थांबला. वाकून बघितलं. कानावरचे केस बघितले, आत गेलेला ओठ. आईकडे बघितलं. ती कुयऱ्या चिरत होती, मान वर केली नाही.

"ह्येका कसो घालू?" काका म्हणाला. "ह्येका घातलो तर उठान वराडतलो माज्यार."

मग आई हसली, चिरता चिरता. मग काका, मग तो रडलाच. हार परत कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. टाकून नाही दिला.

रात्री जेवताना म्हणाला, भटजींना कळवलंय खरं. आता बघूया. आईने भात वाढला. या वेळी त्याने मागितला होता.

३० एप्रिल, शनि.
उद्या राज्य. कमान झाली, अक्षरं हसरी आली असं पोरं म्हणतात. पांडूच्या फोटोला आज मोठा हार. त्याची आई सकाळपासून त्याच्याशी बोलतेय, "बघ रे, तुजा राज्य झाला." सगळ्या मजल्यांवर पणत्या मांडल्यात.

काका परवा गावी निघणार. पिशवी भरून दाराशी आहे, हार अजून तिच्यातच. क्रिया करणार की नाही, विचारलं तर म्हणतो, "गावाक गेल्यावर बघतंय." आईने त्याची शिदोरी बांधायला घेतलीय. कुंकू लावलंय, रोजच्याएवढंच.

बाबांना अजून टांगलेलं नाही. ट्रंकेला टेकून बसलेत, दाराकडे तोंड करून. संध्याकाळी आईने त्यांच्यावरची धूळ पुसली, लांब उभी राहून बघितलं, आणि मला म्हणाली, "पुढच्या वर्साक भिवयो पण जरा पांढऱ्यो करूच्यो लागतल्यो गो."

म्हटलं, करू.