पहिली सहा मिनिटं

१० जून
आजपासून रोज लिहायचं. मोठे दिग्दर्शक लिहितात.
पांडेलिस त्याच्या उघड्या थिएटरात माझा सिनेमा आठवडाभर लावतोय. माझ्या लग्नातला साक्षीदार तो, नाही कसं म्हणेल? (बायकोचं म्हणणं, तिने त्याला तीनदा फोन केला. असो.) गुरुवार, १८ तारीख, नऊचा खेळ. अथेन्सहून मार्केलाबाई येणार. बाई सिनेमे वितरणाला घेतात, पण दहा मिनिटांत पटलं नाही तर उठून जातात. माझं वय त्रेपन्न, सिनेमा पहिला, आठ वर्षं त्यातच गेली. सगळं आता सुरुवातीवर. आणि सुरुवात तर माझी फर्स्ट क्लास आहे.

११ जून
नोंद असावी म्हणून: सहा मिनिटं, एकच शॉट, कट नाही. काळोखी खोली. एक म्हातारी काडी ओढते, चेहरा दिसतो, काडी विझते. पुन्हा काळोख. फ्रेमबाहेर कुणीतरी श्वास घेतंय. कोण? प्रेक्षक खुर्चीला खिळलाच पाहिजे. (श्वास माझाच, कॅमेऱ्यामागून.)
म्हातारी म्हणजे माझी आई. नटी परवडत नव्हती. फेब्रुवारीत ती गेली. आरेती म्हणते, म्हणून तुझ्याने हा सीन कापवत नाही. बायकोला सिनेमातलं कळत नाही. हा निव्वळ तंत्राचा प्रश्न आहे.

१४ जून, रात्रीचे नऊ
थिएटरात पाहणी. सूर्य आत्ता कुठे मावळलाय, लख्ख उजेड! पडदा पांढराफटक, त्यावरून पाकोळ्या उडतायत. जूनमध्ये पहिल्या खेळाची सुरुवात कुणालाच दिसत नाही, हे या गावात जन्मून मला माहीत नव्हतं? होतं. पण शूटिंग जानेवारीत केलं. जानेवारीत साडेपाचला अंधार पडतो.
पांडेलिसला म्हटलं, पावणेदहाला सुरू कर. म्हणाला, मग दुसरा खेळ काय पहाटे लावू? दुसऱ्या खेळाला अंधार असतो, पण शेजारी झोपतात म्हणून आवाज इतका बारीक करतात की श्वास सोडा, गोळीबारही ऐकू येत नाही.

१६ जून
मार्ग सापडला. भाषण! खेळाआधी मी पाऊण तास बोलणार. विषय: दिग्दर्शक पहिल्या दृश्यात प्रेक्षकाला कसा पकडतो. तेवढ्यात अंधार पडेल. आरेतीला सांगितलं. तिने भांडी घासणं थांबवलं नाही.
राहता राहिली एफ्तर्पी आजी, आईची मैत्रीण. पडद्याशेजारी तिसऱ्या मजल्यावर राहते, बाल्कनीत दिवा लावून सुरीने शेंगा निवडत फुकट सिनेमे बघते. दिवा बंद कर म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या पिक्चरसाठी बोटं कापून घेऊ का रे मेल्या? तुझी आई दिसणार असेल तेवढा वेळ मालवीन. म्हटलं, अगदी सुरुवातीलाच दिसते.

१८ जून
भाषण चार मिनिटं चाललं. मग मागून कुणीतरी ओरडलं, थ्रासो, सगळं आत्ताच सांगितलंस, आता आम्ही घरी जायचं का? टाळ्या पडल्या. पांडेलिसने मशीन सुरू केलं.
आईची काडी कुणालाही दिसली नाही. मलासुद्धा नाही. लोक भेटल्याभेटल्या एकमेकांच्या गालाचे मुके घेत होते, चीजचे पॅटिस आणत होते, खुर्च्या ओढत होते. शेजारच्याने मला विचारलं, सुरू झाला का?
मार्केलाबाईंना गाडी लावायला जागा मिळेना. आल्या तेव्हा सहा मिनिटं होऊन गेली होती. पण शेवटपर्यंत हलल्या नाहीत! जिंकलो.

१९ जून
बाईंबरोबर कॉफी. म्हणाल्या, पहिल्याच फ्रेमला होडी, होडीत भांडण, काय पकडता हो माणसाला! म्हटलं, त्याआधी सहा मिनिटं आहेत. लॅपटॉपवर दाखवली. दुसऱ्या मिनिटाला बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, अहो, हा नुसता अंधार आहे. हे काढा, मी सिनेमा घेते. नाही काढलं तर, म्हटलं. तर सिनेमा तुमचा तुमच्याकडे, म्हणाल्या.
संध्याकाळपर्यंत वेळ मागितलाय. ठाम नकार देणार.

१९ जून, साडेचार
सही केली. तंत्राच्या दृष्टीने बाईंचं बरोबरच आहे. आरेतीने ऐकलं आणि भांडी घासायला घेतली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१० सप्टेंबर
उघड्या थिएटरचा शेवटचा आठवडा. पांडेलिसने कापलेला सिनेमा लावला. खेळ आता साडेआठला. काळाकुट्ट अंधार, जूनमध्ये हवा होता अगदी तसा. होडी आली, भांडण लागलं, एकही खुर्ची वाजली नाही. सुरुवात जमली आहे.
एफ्तर्पी आजीच्या बाल्कनीत दिवा दिसेना. मला वाटलं, मुलीकडे गेली असेल. दहाएक मिनिटांनी वरून हाक आली, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशी. थ्रासो, तुझी आई कुठाय रे? मी तिच्यासाठी दिवा मालवून बसलेय.
लोक हसले. मी ओरडून सांगितलं, येईल, थांब थोडं.
सिनेमा संपेपर्यंत तिने दिवा लावला नाही.