साफ केलेल्या तळीत जलपर्णी पुन्हा वाढू न देण्याबाबत

प्रति,
मा. निधी अधिकारी,
तळी संवर्धन निधी कार्यालय,
पेडणे, गोवा.

विषय : देऊळवाडा, तुये येथील तळीच्या देखभालीसाठी निधी मिळणेबाबत (दुसरा अर्ज).

संदर्भ : "तळीत जलपर्णी आढळून न आल्याने निधी नामंजूर" हे आपले पत्र.

महोदय,

आपले पत्र वाड्यावर सर्वांना वाचून दाखवले. कोणी रागावले नाही. आपल्याकडून याहून जास्त अपेक्षा कोणी ठेवली नव्हती.

१. गेल्या पावसानंतर तळी काठापासून काठापर्यंत जलपर्णीने झाकली. पाटाचे तोंड बुजले आणि खालच्या शेतांत वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी, भाताला पाणी उतरेना. आम्ही पहिला अर्ज केला. पाहणीला माणूस पाठवतो, असे आपण म्हणालात. माणूस आला नाही.

२. श्रीमती शेवंता सुतार या मूळ चंदगडच्या, तुयेच्या कारखान्यात कामाला, आमच्या वाड्यावर भाड्याने राहतात. कपडे धुवायला त्या तळीवर गेल्या. काठ कुठे संपतो हे न कळून त्यांनी पाऊल पुढे टाकले आणि जलपर्णीखाली दिसेनाशा झाल्या. शेतातून परतणारे श्री. सगुण परब यांनी पाण्यात उडी घेऊन केसांना धरून त्यांना वर काढले. शुद्धीवर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "हिरवं दिसलं. मला वाटलं जमीनच हाय."

३. दुसऱ्या दिवशी सगुण परब कोणाला न सांगता कोयता घेऊन तळीत उतरले. मग सगळा वाडा पाण्यात उतरला. कारखान्यातली कोल्हापूर-बेळगावकडची माणसे पाळी संपवून यायची आणि तशीच पाण्यात शिरायची. शेवंताबाईंना पाण्याची धास्ती बसली होती, म्हणून त्यांनी काठावरून ओल्या पाल्याच्या पाट्या वाहिल्या. तळी मोकळी झाली, पाणी पाटात उतरले, लावणी झाली.

४. त्यानंतर आपण आलात. गाडीची काच खाली करून विचारलेत, "इथे जलपर्णी आहेच कुठे?" सगुण परब म्हणाले, "सायबा, आमी काडली म्हणान ना." आपण काच वर केलीत. पुढे आमची माणसे कार्यालयात गेली, तेव्हा आपण सल्ला दिलात, "परत वाढू द्या, मग अर्ज करा." हे आपण विनोदाने म्हणाला नाहीत, याचीच आम्हाला लाज वाटली.

५. हा सल्ला आम्ही मानणार नाही. बी चिखलात राहते आणि कडेने नवे कोंब फुटू लागले आहेत. दर महिन्याला ते काढण्यासाठी एक होडी, दोर आणि पाला दूर नेण्यासाठी टेम्पोचे भाडे, एवढेच आम्ही मागतो. अंगमेहनत आमची, ती आपल्याकडे कोणी मागितलेली नाही. साफ तळी साफ ठेवायला नियमात पैसे नसतील, तर नियम बदलण्याची शिफारस वर पाठवावी. तेही जमणार नसेल तर तसे लेखी द्यावे, म्हणजे आपल्या दारी येण्याचा बसखर्च तरी वाचेल.

६. सोबतच्या सह्यांत पहिली सही श्रीमती शेवंता सुतार यांची आहे. त्या गोव्याच्या मतदार नाहीत, ही हरकत आपल्याला नक्की सुचेल, म्हणून आधीच कळवते. ज्या तळीत त्या बुडत होत्या, ती आमची होती.

आपली, अर्जापुरती नम्र,

(सही)
पद्मावती शेटकर
अध्यक्ष, तळी समिती, देऊळवाडा, तुये

दि. १८ फेब्रुवारी २००९

सोबत : ग्रामस्थ व भाडेकरू यांच्या सह्या.