शिंदेवहिनींनी न घेतलेलं पाणी

दापोडी, मंगळवार, मार्च १९७८

आज संत तुकाराम नगरच्या बायकांच्या व्यायामवर्गात शिंदेवहिनी चक्कर येऊन खाली बसल्या. चूक माझीच. बैठका चालू होत्या, त्या मागे पडायला लागल्या आणि मी सवयीने ओरडले, "शाबास वहिनी. बघा सगळ्यांनी, अशा बैठका हव्यात. अजून दहा." त्यांनी दहाच्या दहा काढल्या.

मी धावत पाण्याचा ग्लास नेला. त्यांनी तो ओठाला न लावता बाजूला ठेवला. आम्ही बौद्ध, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या हातचं नको असेल का?

मग शेजारची म्हणाली, "बाई, आज अंगारकी. चंद्र दिसेपर्यंत त्या पाणीसुद्धा घेत नाहीत."

आमच्याकडे उपवास नसतात, चतुर्थी माझ्या लक्षातच येत नाही. पण वर्ग सुरू करताना विचारायला काय झालं होतं? आणि तो ग्लास, काठोकाठ भरलेला, तसाच. मी आधी भलताच अर्थ काढला, त्याची लाज वेगळीच.

"दमला होतात तर थांबायचं ना," मी म्हटलं.

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "सगळ्यांदेखत शाबास म्हणालात. घरी कुणी म्हणत नाही. मग बसू कशी?"

गुरुवारी पुन्हा वर्ग आहे. त्या येणार, पहिल्या ओळीत उभ्या राहणार. माझ्या तोंडाकडे बघत.