शुक्रवारचं विमान

शुक्रवार, १० जानेवारी

आज विमानतळावर पुन्हा त्या पत्र्याच्या पिंजऱ्यात बॅग कोंबायला लावली. बॅग पिंजऱ्यात मावली तर न्या, नाहीतर वेगळे पैसे भरा. मागच्या खेपेला हीच बॅग अलगद गेली होती. आज चाकं अडली. काउंटरवरची मुलगी म्हणे, "मॅडम, बॅग वाढलीय." बॅग काय, पोर आहे वाढायला? गुडघ्याने दाबून घातली. मग ती बाहेर निघेना. दोघांनी पिंजरा धरला, मी ओढली. मागची अख्खी रांग हसत होती. हसा, तुमचीही पाळी येईल.

पुढे तपासणीवाल्याने डबा उघडायला लावला. आत प्लास्टरचे जबडे. मी कवळ्या बनवते, आईकडे जाताना आठवड्याचं काम बरोबर नेते, हे त्याला इतक्यांदा सांगून झालंय की एव्हाना पाठ व्हायला हवं होतं. "हे कोणाचे?" म्हटलं, पेशंटचे. "पेशंट कुठायत?" घरी, तोंड मिटून बसलेत! तो हसला नाही.

विमान उशिरा. कारण विचारलं तर "तांत्रिक". या कंपनीत सगळं तांत्रिकच असतं. पाणी विकत, खुर्ची मागे जात नाही, पुढच्या माणसाची पाठ माझ्या गुडघ्यांना कळते.

उतरले तर दादा दोरीपलीकडे उभा होताच. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून आमचं हे असंच चाललंय. तिचा उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ गेलं, पण घर सोडायला ती तयार नाही. मग एक आठवडा मी, एक आठवडा दादा. शुक्रवारी ज्या विमानातून एक उतरतो, त्याच विमानात दुसरा चढतो. आम्ही दोघं राहतो एकाच शहरात, एकमेकांच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, आणि भेटतो कुठे तर इथे, या लहानशा विमानतळावर! उतरणाऱ्यांची रांग इकडून, चढणाऱ्यांची तिकडून, मध्ये दोरी. चालता चालता ओरडून सांगायचं.

"रक्तदाबाची गोळी आता अर्धीच! सूप फ्रिजमध्ये! नळवाला सोमवारी येतोय!"

"वहिनीला सांग, तिचा डबा माझ्याकडे राहिलाय!"

"चला, चला, थांबू नका," असं पहारेकरी म्हणतो. त्याला आता आईच्या सगळ्या गोळ्या माहीत असतील. तेवढा वेळ आई दुपारची झोपलेली असते. ती उठायच्या आत मी घरी पोचते.

शनिवार, ११ जानेवारी

आई "खि..." म्हणेपर्यंत मी उठून खिडकी लावली. तिला ती जास्त उघडून हवी होती. घुश्शात भिंतीकडे तोंड करून पडली. वाचा-उपचारवाली बाई म्हणते, त्यांना वेळ द्या, त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. देते की वेळ! पण ती अडली की माझाच जीव घुसमटतो. दादाचंही तेच. आम्ही दोघं तिच्या तोंडातले शब्द ओढून काढतो.

मंगळवार, २१ जानेवारी

आता दादा आईकडे आहे, मी माझ्या घरी. त्याचा फोन आला. त्याने आज सरळच विषय काढला. "या कंपनीच्या भरवशावर किती दिवस चालवायचं? घर एकदा जरी रिकामं राहिलं आणि ती पडली तर? तसं एकदा झालं ना, की मी संस्थेत जागा बघणार. मग रडायचं नाही."

संस्था म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी. मागे दादाने तो शब्द आईसमोर काढला होता तेव्हा तिने डाव्या हाताने चमचा भिरकावला होता. नेम चांगला होता.

मी म्हटलं, चालेल. माझं विमान आलं नाही तर तुझंही तिथून हलत नाही, मग घर रिकामं राहीलच कसं? त्याला ते पटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, इतक्या पटकन "चालेल" म्हणायला नको होतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

तीन तास उशीर. तांत्रिक.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

विमानतळाची नवी इमारत सुरू झाली. दोरी गेली! उतरणाऱ्यांनी वरच्या काचेच्या बोळातून जायचं, चढणारे खाली थांबणार. दादा खाली दिसला. मी काचेवर टकटक केली, तो वर बघून काहीतरी ओरडला, पण काय ऐकू येणार? मग त्याने दोन बोटं दाखवली. दोन गोळ्या? दोन वाजता? दोन दिवसांनी? फोन लावला तर बंद. रांगेत उभा राहिला की तो फोन बंद करतो, विमानात बसायच्या कितीतरी आधी. ही घाई बाबांची, त्यांच्याकडे फोन नव्हता तरी!

संध्याकाळी त्याचा फोन लागला. दुधाच्या दोन पिशव्या, एवढंच होतं. आणते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

विमानतळावरच बसून लिहितेय. माझ्याच शहरातल्या.

विमान आधी अर्धा तास उशिरा म्हणाले. मग गेट बदललं. सगळे पळालो. मग पुन्हा आधीचं गेट. पुन्हा पळालो. एका आजोबांनी पळायला नकार दिला आणि ते बरोबर ठरले. शेवटी विमान रद्द. पुढचं उद्या सकाळी. काउंटरवरचा मुलगा सगळ्यांना एकच वाक्य सांगत होता. मी त्याच्यावर ओरडले, आणि तो बिचारा पाणी विकत नव्हता तर देत होता, हे मागाहून दिसलं.

दादाला फोन केला. बंद. निरोप टाकला. मनात म्हटलं, ठीक आहे, माझं विमान गेलं नाही म्हणजे त्याचंही येणार नाही. त्याला तिथे कळेल आणि तो रिक्षा करून घरी परत जाईल. मी चक्क चहा घेतला. उद्याची जागा पक्की करून दाराकडे निघाले.

तर समोरून दादा येतोय. चाकाची बॅग ओढत, निवांत.

"तू इथे?"

"तू इथे कसा?"

"अगं, विमान आलं की! मला वाटलं तू वरून गेलीस. दिसली नाहीस एवढंच."

कंपनीने दुसऱ्याच कुठून तरी विमान पाठवून तिकडची माणसं उचलली होती. दादा ते आपलं नेहमीचं विमान समजला. मीही तेच समजून चालले होते की आपलं विमान एकच. दादा बॅगेवरच बसला. आई दुपारपासून एकटी.

घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. उचलला गेला, श्वास ऐकू आला, "आई, आई" करेपर्यंत ठेवला. आईच्या घराखालच्या शिंप्याला फोन केला. तो वर जाऊन आला. म्हणाला, "आतून कडी आहे. टीव्ही चालू आहे. हाक मारली तर 'जा' म्हणाल्या."

"नीट म्हणाली? स्पष्ट?"

"एकदम स्पष्ट."

दादा म्हणाला, दार तोडा. शिंपी म्हणाला, "बाई रागावलेल्या वाटतात, मी नाही तोडणार. सकाळी पुन्हा बघतो." उद्या सकाळच्या विमानाने दोघंही जातोय. आज दुसरं काही नाही. मला भीती वाटतेय. खूप.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दोघांना शेजारी बसायचं तर वेगळे पैसे, म्हणून कंपनीने मला शेपटाशी आणि दादाला नाकाशी बसवलं. विमान मात्र वेळेवर. आज वेळेवर!

दाराची बेल वाजवली. आतून काठीचा आवाज. थांबला. पुन्हा आला. आम्ही तिला हाताला धरल्याशिवाय चालू देत नाही, आणि ती एकटी दारापर्यंत येत होती. दादा हाका मारायला लागला तशी मी त्याचा दंड धरला. मग कडी निघाली.

स्वेटरची बटणं एक घर चुकून लावलेली. केस विंचरलेले. तिने आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दोघं?"

दादा तिला मिठी मारून रडला. मी आत गेले. दुधाचं पातेलं करपलेलं. कप फुटलेला, त्याचे तुकडे कोपऱ्यात लोटलेले. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. दादाने तो बघितला आणि रडणं थांबवलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

"आज मनगट भाजलं, उद्या गॅस पेटता राहिला म्हणजे?" दादाचं चूक नाही. "आणि तूच चालेल म्हणाली होतीस." हो, म्हणाले होते. म्हटलं, थोडे दिवस थांब. म्हणाला, "आणखी काय व्हायची वाट बघायची?" मग मीही आवाज चढवला. स्वयंपाकघरात भांडलो, दार लोटून, ती बहिरी असल्यासारखे.

तो संध्याकाळी परत गेला. येत्या शुक्रवारी येईल तेव्हा संस्थेची बाई आईला बघायला येणार आहे. मी आईला हे सांगितलं. आज तिने काही भिरकावलं नाही. भिरकावलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कंपनीचा निरोप : "आपला प्रवास कसा झाला? पाचपैकी तारे द्या." तारेच दाखवले यांनी!

बुधवार, २६ फेब्रुवारी

मन लागत नाही. एका पेशंटच्या कवळीतला दात उलटा बसवला. काढून पुन्हा बसवला. आई दिवसभर माझ्याकडे बघत होती. "काय हवंय? पाणी? चादर?" विचारलं की मान हलवायची. नाही. नाही. शेवटी मी विचारायचं सोडून दिलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

बॅग भरत होते. आईने काठी जमिनीवर आपटली. मी खाली बसले आणि तोंड बंद ठेवलं. बाहेर शिंप्याचं मशीन कितीतरी वेळ चालू होतं, मग ते थांबलं. झटक्यानंतरचं हे तिचं पहिलं पूर्ण वाक्य, मधे मी एक अक्षर घातलं नाही.

"त्या दिवशी घरात कोणी नव्हतं, मला फार बरं वाटलं."

मला रडू आलं. दादाला फोन करून वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "माझं उद्याचं तिकीट रद्द करू?"

कर म्हटलं. संस्थेच्या बाईंनाही नको म्हणून सांग. मी उद्या निघतेय. येता आठवडा घर तिचं एकटीचं.