समुद्रात सोडलेली पिवळी कार्डे परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
किनारा चौकशी पथक,
तात्पुरते कार्यालय, बारामती, जि. पुणे.

अर्जदार : करुणा नाना ओहोळ, वय २७, व्यवसाय : सागरी जीवशास्त्रात संशोधन, रा. निमगाव केतकी, ता. इंदापूर.

विषय : जप्त कार्डे परत मिळणे, वडिलांची रोजची हजेरी थांबणे व अर्जदारास तालुक्याबाहेर जाण्याची परवानगी मिळणे याबाबत.

संदर्भ : आपल्या पथकाचे तोंडी आदेश. लेखी आदेश मागूनही मिळालेला नाही.

महोदय,

अर्जदार वर दिलेल्या पत्त्यावर लहानाची मोठी झाली. वडील नाना ओहोळ एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त आहेत. आई चतुराबाई शेती बघते. घरात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. अर्जदाराने तो कॉलेजच्या सहलीत पाहिला. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर बायका कोयत्याने कालवं काढत होत्या, ते बघत ती अशी बसून राहिली की सहलीची गाडी तिच्यासाठी खोळंबली. पुढे तिने अभ्यासाला तोच विषय घेतला आणि मालवणला खोली घेऊन राहू लागली.

कालव म्हणजे शिंपल्यातला जीव. तो जन्मभर एका खडकाला चिकटून असतो. त्याची पिल्लं मात्र जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यावर तरंगतात, प्रवाह नेईल तिकडे जातात आणि मिळेल त्या खडकाला धरतात. म्हणजे आज एका खडकावर जी कालवं दिसतात, त्यांच्या आया भलत्याच खडकावर असू शकतात. शासनाने उत्तरेकडचे खडक राखीव करायचे ठरवले आहे आणि दक्षिणेकडचा घोडखडक जेट्टीसाठी सुरुंग लावून फोडायचा आहे. उत्तरेला येणारी पिल्लं जर घोडखडकावरचीच असतील, तर राखून ठेवलेले खडक काही वर्षांत ओसाड होतील. पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांच्या मागे जाता येत नाही. म्हणून अर्जदाराने नोव्हेंबरात होडीतून घोडखडकाशेजारी प्लॅस्टिकची पिवळी कार्डे सोडली. पाणी कुठे जाते एवढे तरी त्यावरून कळते. प्रत्येकावर छापले होते की कार्ड सापडेल त्याने जागा आणि तारीख लिहून ते पाठवावे. मालवणची खोली कधी सोडावी लागेल याचा नेम नव्हता, म्हणून पत्ता निमगाव केतकीचा दिला. ही चूक असेल तर ती अर्जदाराची आहे.

डिसेंबरपासून कार्डे येऊ लागली. देवगडहून आली, रत्नागिरीच्या पुढून आली. वडील ती एका पेटीत ठेवत आणि प्रत्येकाला आभाराचे पत्र टाकत. पारावर लोक विचारीत, "नाना, आज कुठवर गेलं पाणी?" आणि ते गावाचे नाव सांगत. त्यांतली बरीच नावे त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारली होती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर किनाऱ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणे भाग आहे, हे अर्जदार जाणते. रायगडच्या किनाऱ्यावर गस्तीवरच्या जवानाला एक कार्ड सापडले आणि समुद्रातून आलेल्या वस्तूवर इंदापूर तालुक्यातला पत्ता पाहून त्याला शंका आली, याबद्दल तिची तक्रार नाही. तक्रार पुढच्याबद्दल आहे.

आपले पथक आठवडे बाजाराच्या दिवशी जीप घेऊन घरी आले. अर्जदार तेव्हा मालवणला होती. पुढचे तिला आईने सांगितले. आपल्या अधिकाऱ्यांनी वडिलांना विचारले, "हे कशाचं आहे?" वडील म्हणाले, "कालवांच्या पिल्लांचं हाय." अधिकारी म्हणाले, "कालव्याला पिल्लं होतात का?" आमच्याकडे कालवा म्हणजे पाटाचे पाणी, हे सर्वांना माहीत आहे. दारात जमलेली माणसे हसली. तिथेच बिघडले. वडिलांना वाटले, नीट उलगडून सांगावे. त्यांनी सांगितले, "पोरगी म्हनली, सुरुंग लागायच्या आत सगळी कार्डं हातात आली पायजेत."

त्यानंतर त्यांचे कोणी काही ऐकले नाही. पेटीतली सगळी कार्डे जप्त झाली आणि भरल्या बाजारातून वडिलांना जीपमध्ये घालून बारामतीला नेले.

अर्जदार मिळेल त्या गाडीने आली. वडील दुसऱ्या दिवशी सुटले, पण रोज बारामतीला हजेरी लावावी लागते. अर्जदाराला तालुका सोडायला मनाई झाली. पारावर कोणी पाण्याचे विचारत नाही. चुलत भाऊ सोमनाथ याची सोयरीक जवळजवळ ठरली होती, ती मंडळी आता उलट टपाली उत्तर देत नाहीत. तरी घरचे निभावले असते. अर्जदाराची झोप उडाली ती वेगळ्या बातमीने. वडिलांच्या पत्रव्यवहारातून नावे काढून किनाऱ्यावर माणसे उचलली जात आहेत, असे कळले. देवगडकडच्या एका वृद्ध मच्छीमाराला चार तास उभे केले. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने कार्ड उचलले आणि छापल्याप्रमाणे पाठवले. आता लोक दिसलेले कार्ड पायाने परत पाण्यात लोटतात किंवा चुलीत घालतात. अर्जदाराने त्यांना मदत मागितली आणि त्यांना चौकी दाखवली. हे तिच्या मनातून जात नाही.

मागील सोमवारी आपल्या कार्यालयात बोलावून घेऊन तिच्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला. कार्डांचा कोणत्याही अभ्यासाशी संबंध नाही, ती नष्ट करण्यास हरकत नाही, असे त्यात होते. सही केली तर वडिलांची हजेरी त्याच दिवशी थांबणार होती. ती खोटे सांगणार नाही : तिने पेन हातात घेतले. बाकावर बसलेल्या वडिलांकडे पाहिले. एवढ्या दिवसांत त्यांचे गाल बसले होते. ती म्हणाली, "नाना, करते सही. खडकांचं काय व्हायचं ते होईल."

ते म्हणाले, "करू नगंस. मला काय, यष्टीतच जन्म गेला. आनखी थोडं दिस बसंन. पर तू लिवून दिलंस की खोटं व्हतं, तर ज्यांनी कार्डं धाडली ती मानसं खोटी पडत्यात."

अर्जदाराने पेन खाली ठेवले. सहायक अधिकारी म्हणाले, "मग या रोज." वडील तेव्हापासून रोज येत आहेत.

राखीव क्षेत्राची हद्द ठरवण्याची बैठक शनिवारी, २६ तारखेला, रत्नागिरीला आहे. नकाशावर रेघ एकदा ओढली की ती पुसली जात नाही. म्हणून जप्त कार्डे त्याआधी मिळावीत. मूळ कार्डे देता येत नसतील, तर पथकाच्या शिपायाने समोर बसून फक्त जागा आणि तारखा वाचून दाखवाव्यात, अर्जदार उतरवून घेईल. वडिलांची हजेरी बंद व्हावी. कोणाला धरायचेच असेल तर अर्जदाराला धरावे, किनाऱ्यावरच्या लोकांना विचारणे थांबवावे.

हा अर्ज इथवर लिहून झाला होता. काल संध्याकाळी एक बाई पत्ता विचारत घरी आली. किनाऱ्यावरून निघून गाड्या बदलत ती पोचली होती. टपालाने पाठवायची भीती वाटली, म्हणून स्वतः आली. तिने पदराच्या गाठीतून कार्डे काढून आईच्या पुढ्यात ठेवली. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायकांनी ती जाळली नव्हती, तांदळाच्या डब्यात ठेवली होती. कुठले कुठे आणि कोणत्या तिथीला सापडले, हे तिने एकेक करून तोंडी सांगितले. सगळी उत्तरेच्या खडकांवरची होती, त्याच खडकांवरची, जे राखीव व्हायचे आहेत. अर्जदार लिहीत होती आणि तिला अक्षर दिसेनासे झाले. आईने बाईला जेवू घातले. आज पहाटेच्या गाडीने ती गेली.

ती कार्डे अर्जदार या अर्जासोबत स्वतःहून जमा करत आहे. लपवली असे उद्या कोणी म्हणू नये. जागा आणि तारखा तिच्याजवळ उतरवलेल्या आहेत. त्या बाईचे नाव व गाव ती सांगणार नाही. कितीही वेळ उभे केले तरी सांगणार नाही, म्हणून त्यासाठी वेळ खर्चू नये.

उद्या शुक्रवारी सकाळी अर्जदार इंदापूरहून रत्नागिरीला निघणार आहे. परवानगी आज मिळाली तर ती घेऊन जाईल. न मिळाल्यास ती कोणत्या गाडीत असेल हे आपल्याला आता माहीत आहे. आपण तिला वाटेत उतरवू शकता. तसे करण्याआधी सोबतची कार्डे एकदा हातात घेऊन पाहावीत, एवढीच प्रार्थना आहे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून,
करुणा नाना ओहोळ
निमगाव केतकी, दि. २४ फेब्रुवारी १९९४

सोबत :
१. पिवळी कार्डे, मूळ, कापडात बांधून.
२. बैठकीच्या निमंत्रणाची प्रत.
३. सही न केलेला टाइप केलेला कागद, परत.