लाल कणीस

मुऐदर, कतार
ऑक्टोबर २००४

प्रिय आय,

तुझ्या ग्लोरियाचा नमस्कार. मी बरी आहे, इथला उकाडाही आता उतरलाय. तुझा गुडघा कसा आहे? केळींना पाणी लावायला माणूस मिळाला का?

रजा मिळाली नाही, असं मी फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. रजा मिळाली होती. आमच्या वॉर्डातली नर्स इनेस पोर्तुगालची, तिच्या डोंगरातल्या गावी गेले. वसईला आले असते तर तू पुन्हा लग्नाचं काढलं असतंस.

तिथे मका निघाला की अख्खं गाव खळ्यावर गाणी म्हणत कणसं सोलतं. ज्याला लाल कणीस सापडेल, त्याने सगळ्यांना मिठी मारायची. नेमकं मलाच सापडलं. तुला फसवून आलेली मी, कुठल्या तोंडाने मिठ्या मारणार? गुपचूप सालांखाली सरकवलं. इनेसच्या आईने ते पाहिलं आणि मलाच जवळ ओढलं. तिच्या हातांना तुझ्यासारखाच लसणीचा वास होता. मला मान वर करवेना.

मग तिने इनेसकरवी विचारलं, "तू इथे आलीस, ते तुझ्या आईला ठाऊक आहे ना?"

मी हो म्हणाले.

आय, निदान ते तरी खरं व्हावं, म्हणून लिहितेय.

तुझीच,
ग्लोरिया