क्रिस्टलवरचा ठिपका

गडब, मंगळवार, मे महिना. दिवेलागण.

क्रिस्टलवर मोहरीएवढा पांढरा ठिपका पडलाय, आणि तो माझ्यामुळे. रोह्याच्या कंपनीत पार्टांवर नंबर कोरणारा तो एकच इन्फ्रारेड लेसर, आणि तो सांभाळायचं काम माझं. उकाड्यानं त्याचा जोर कमी पडत होता. त्याच्यातला निओडिमियम घातलेला क्रिस्टल तापला की प्रकाश मंदावतो, हे मला पाठ. मग काय, त्याला गार ठेवणाऱ्या चिलरचं तापमान एकदम खाली आणलं. जोर वाढलासुद्धा! मी खूश. खाडीवरची दमट हवा डोक्यातच आली नाही. गार क्रिस्टलवर दव धरलं, तसाच लेसर चालला आणि वरचा लेप जळाला.

शिफ्टचे म्हात्रेकाका एवढंच म्हणाले, "नवीन येईस्तोवर लाइन बंद गो." ओरडले असते तर बरं झालं असतं. या महिन्यात मी कायम होणार होते. आता कोण करतंय?

डोळे मिटले तरी तोच ठिपका. कसं सुचलं नाही मला?

आईनं फ्रिजमधली बाटली आणून दिली. "पाणी तरी पी गो. जेवली पण नाय."

मी बाटली घेतली, आणि टेबलावर ठेवण्याआधी खाली फडकं सरकवलं. बाटलीला घाम येतो म्हणून. रोजच्यासारखं.